दारातलं चुन्याचं पोतं

"तिथंच थांब! पाऊल टाकू नको आत!"

माझी बायको द्वारका इतक्या जोरात ओरडली की माझ्या खांद्यावरचा तुतीच्या फांद्यांचा भारा निसटला. मी शेडच्या मागं होतो. पळत पुढं आलो, तर दारात केशर उभी होती. केशर म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, अच्युतची बायको. तिचा एक पाय उंबऱ्यावर होता आणि ओंजळीत तुतीचं पान. पानावर रेशमाची एक अळी होती. पिवळी पडलेली, अंग फुगलेलं. तिच्यातून दुधासारखं पांढरं पाणी पानावर गळत होतं.

"अक्का, मी नुसतं दाखवायला आणली," केशर म्हणाली. "बघा की, काय झालंय हिला."

"लांबून दाखव. मागं हो आधी. अजून मागं."

केशर मागं सरकली. बांधावरून तीन बाया खुरपायला चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. केशरनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा द्वारकाकडं.

"मला काय इटाळ हाय का, अक्का? कुत्र्याला हाकलल्यागत हाकलायलात."

"ते पान वाटंत टाकू नको," द्वारका म्हणाली. "घरी नेऊन ब्लिचिंगच्या पाण्यात टाक. आन् हात धू."

केशर गेली. वीस पावलं गेल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. तेव्हा द्वारका नेमकी, केशर जिथं उभी होती तिथं पांढरी पावडर टाकत होती. केशरनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती भराभरा निघून गेली.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची आहे. मी लिहिणारा माणूस नाही, चौथी शिकलेला आहे. पण ते पाच-सहा दिवस मला अजून दिवसवार आठवतात.

आम्ही रेशमाच्या अळ्या पाळतो. रेशीम केंद्रावरून बारक्या अळ्या आणायच्या, तुतीचा पाला घालून मोठ्या करायच्या. चार वेळा त्या कात टाकतात. शेवटची कात टाकली की सात-आठ दिवस अशा खातात की शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मग त्या पिकतात, म्हणजे अंगानं जरा पिवळसर होतात, आणि आपल्याभोवती कोष विणतात. सगळा खेळ पंचवीस दिवसांचा. पण अळी फार नाजूक. तिच्यात एकदा रोग शिरला की तो फवारून जात नाही. तो येऊच द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

ते काम द्वारकाचं होतं. ती जिल्ह्याला पाच दिवसांचं शिक्षण घेऊन आली होती. मीही गेलो होतो, पण मला चहाच्या वेळा तेवढ्या आठवतात. तिनं मात्र तिथलं सगळं डोक्यात साठवून आणलं. प्रत्येक खेपेच्या आधी शेड धुवायचं, ब्लिचिंग आणि चुन्याच्या पाण्यानं छतापासून फरशीपर्यंत फवारायचं. रॅक, जाळ्या, टोपल्या सगळं त्याच पाण्यात बुडवून उन्हात वाळवायचं. दारात एक पोतं अंथरलेलं, त्यावर चुना आणि ब्लिचिंग. बाहेरची चप्पल बाहेर, पोत्यावर पाय, आतली चप्पल आत. शेजारी हात धुवायची बादली. गावात चेष्टा व्हायची. "काय हो, तुमच्या अळ्यांना भेटायला चिठ्ठी काढावी लागती म्हणं?" असं मला पारावर विचारायचे.

माझी तर तिनं वेगळीच तपासणी ठेवली होती. मला तंबाखूची सवय. तंबाखूचा हात लागलेलं पान खाल्लं की अळी मान टाकते. म्हणून आत जायच्या आधी ती म्हणायची, "हात दाखवा." मी हात पुढं करायचा, ती नाकाला लावून वास घ्यायची. वास आला की परत बादली. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला बायको रोज हाताचा वास घेते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर त्या दुपारी ती भाकरी खायला बसली आणि दोन घासांवर उठली.

"बरं न्हाई दिसलं ते," मी म्हणालो. "बायांच्या समोर."

"मला बी कळतंय."

"मग जरा हळू बोलायचं."

"हळू बोलेपर्यंत तिचं पाऊल आत आलं असतं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "चला माझ्यासंगं. अच्युत घरी असंल आता."

अच्युतचं शेड आमच्या बांधापलीकडं. त्याची ती दुसरीच खेप होती. आमच्यापेक्षा चार दिवस पुढं, अळ्या शेवटच्या खाण्याला लागलेल्या. आम्ही गेलो तेव्हा तो शेडबाहेर उकिडवा बसला होता. केशर लांब लिंबाखाली, पाठ करून.

"या वैनी," अच्युत म्हणाला. "तुमच्या जावंला तुमी बाहेर काढलंत, आता मी अळ्यांना बाहेर काढायलोय. सगळ्या गोळा करून ओढ्यात टाकतो आन् मोकळा होतो. तुती बी उपटतो."

"उपटा!" केशर वळून म्हणाली. "एक-एक रोप मी लावलंय. उन्हाळाभर डोक्यावर पाणी घालून जगवलंय. उपटा, आन् मला बी टाका त्याच ओढ्यात."

"ओढ्यात काय बी टाकायचं न्हाई," द्वारका म्हणाली. "खाली सात जणांची शेडं हायती. सगळ्यांच्या मरतील. अच्युतराव, पहिली पिवळी कवा दिसली?"

अच्युतनं डोकं खाजवलं. "झालं असतील चार दिवस. मला वाटलं, पिकायल्या. म्हणलं, लवकर पिकायल्या, चांगलंच हाय की. पिकल्यावर पिवळीच होती ना अळी?"

हसू येण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. पिकलेली अळी पिवळसर होते ते खरं. पण ती आरपार दिसते, अंगानं आटते. रोगाची अळी फुगते. ज्यानं एक-दोनदाच पाहिलंय त्याला ते कळणं अवघड.

"शेड फवारलं होतं का आधी?"

"चुना मारला की भिंतीला. बघा, कशी पांढरीफेक दिसायली. गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला."

"ब्लिचिंग?"

"डोळे झोंबत्यात वैनी त्यानं."

द्वारका केशरकडं गेली. मीही तिच्या मागं दोन पावलं गेलो. "केशर, तुला दिसल्या न्हाईत का गं? तुझी नजर चांगली हाय. मागच्या खेपंला तूच येचून काढल्या होत्यास की."

 माझ्याकडं बघून केशरनं पदर पुढं ओढला. मी तुतीकडं तोंड केलं आणि उगाच एका फांदीची पानं मोजत बसलो. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मी चार दिवस आत गेलेच न्हाई, अक्का."

"का?"

"बाजूला होते."



"कुणी सांगितलं, आत जायचं न्हाई म्हणून?"

"सांगायला कशाला पायजे? देवाचं काम हाय म्हणत्यात हे. नारळ फोडलेली जागा."

"मी जाते की," द्वारका म्हणाली. चांगलं मोठ्यानं म्हणाली, अच्युतलाही ऐकू जाईल असं. "दर महिन्याला जाते. चारी दिवस जाते. अळीला इटाळ कळत न्हाई, केशर. तिला हाताची घाण तेवढी कळती."

अच्युत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मी पानं मोजत राहिलो. माझ्याच घरात हे इतकी वर्षं चाललं होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"सकाळी मी तुला थांबवलं ते तुला न्हाई थांबवलं," द्वारका म्हणाली. "तुझ्या हातातल्या अळीला थांबवलं. पण तुला तसं सांगायला पायजे होतं. ते चुकलं माझं."

केशरनं मान हलवली. रडत होती की नाही, ते मला पाठमोऱ्याला कळलं नाही.

मग द्वारका माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मी हितं थांबते. हिला येचायला शिकवते. निम्म्या तरी वाचतील. तवर आपल्या शेडात मला पाऊल टाकायचं न्हाई. तुमी सांभाळा."

"मी?"

"दुसरं कोण हाय?"

"तू अंघोळ करून ये की. संध्याकाळी अंघोळ कर, कपडे बदल आन् ये."

"केसात काय राहिलं, नखात काय राहिलं, मला दिसणार हाय का? दिसत असतं तर एवढं कशाला केलं असतं." ती जरा थांबली. "पाच दिवस. पाला तोडताच तुमी. घालायचा बी तुमीच."

मला खरं सांगायचं तर घाम फुटला. पाला तोडून दारात टाकणं हे माझं काम. आत कुठल्या रॅकवर किती, कधी, कोणती अळी बरी, कोणती नाही, हे मी कधी डोक्यात घेतलं नव्हतं. आमच्या अळ्या नुकत्या चौथ्या कातेवरून उठल्या होत्या. पुढचे पाच दिवस सगळ्यात महत्त्वाचे. त्यात चूक झाली की अच्युतच्या शेडात जे झालं तेच आमच्या.

त्या दिवशी मी तंबाखूची डबी विहिरीजवळच्या खोपटाच्या वळचणीला खोचून ठेवली. वास घ्यायला आता कुणी नसणार, म्हणून तंबाखूच बंद.

दुसऱ्या दिवसापासून असं चाललं. द्वारका पहाटे उठून अच्युतच्या शेडात जायची. केशर आणि ती, दोघी चिमट्यानं एक-एक अळी वेचायच्या, ब्लिचिंगच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, मग खड्ड्यात पुरून वर चुना. पाल्याच्या वेळेला ती आमच्या शेडकडं यायची आणि दारापासून दहा पावलांवर दगडावर बसायची. तिथून ओरडायची.

"आधी हात!"

"धुतले."

"पोत्यावर पाय?"

"दिला."

"आता डावीकडून सुरू करा. वरच्या रॅकला आधी. फांद्या आडव्या, एकीचं तोंड हिकडं, दुसरीचं तिकडं. गर्दी करू नका. ओला पाला हाय का?"

"न्हाई."

"हात लावून सांगा, बघून न्हाई."

घरीही ती वेगळी बसायची. ओट्यावर वेगळं ताट, वेगळा तांब्या, अंथरूण बाहेर. अच्युत एकदा आला आणि म्हणाला, "काय वैनी, तुमी बी बाजूला बसल्यात का?"

"व्हय की," ती म्हणाली. "अन् तुमचे दादा बघा, कसे सोवळ्यात हायती."

अच्युत पोट धरून हसला. त्या चार-पाच दिवसांत पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला ती दिसली. मधल्या रॅकवर, काठाला. बाकीच्या खाली मान घालून खात होत्या, ही एकटी काठाकाठानं फिरत होती. अंग फुगलेलं, सांध्यांवर पिवळं.  पहिला विचार काय आला तो सांगतो: उचलून बाहेर टाकावी आणि बोलू नये. एकच तर आहे. मग अच्युत उकिडवा बसलेला डोळ्यांपुढं आला.

"द्वारके, एक दिसली."

 मग ती म्हणाली, "फुगलीय का आटलीय?"

"फुगलीय."

"आरपार दिसती का?"

"न्हाई. दुधाळ हाय."

"चिमटा घ्या. हळू धरा, फुटू देऊ नका. बादलीत टाका."

टाकली. "तू एकदा येऊन बघ ना," मी म्हणालो. दारापर्यंत आलो. ती दगडावरून उठून उभी होती, पण जागेवरच. "एकदाच. मला न्हाई कळत. मी सगळं घालवीन."

"मी न्हाई येणार."

"दारातून तरी बघ."

"तुमचे डोळे काय वाईट हायती का? तिच्या आजूबाजूच्या बघा. एक-एक. घाई करू नका, मी हितंच हाय."

तिला आत यायचं किती होतं, ते तिच्या हातांवरून दिसत होतं. दोन्ही हातांनी पदराचं टोक पिळत होती. पण पाय हलला नाही.

मी परत गेलो. त्या रॅकवर मला अकरा सापडल्या. प्रत्येकीला मी मोठ्यानं सांगायचो, "ही एक," आणि ती बाहेरून म्हणायची, "बरं." अकराव्यानंतर मी पूर्ण रॅक दोनदा पाहिला. तिनं सांगितलं तसा चुना भुरभुरला. हात धुतले. दुसऱ्या दिवशी तीन सापडल्या. पाचव्या दिवशी मी शेवटच्या रॅकपर्यंत जाऊन आलो, दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "एकही पिवळी न्हाई."

"परत बघा."

परत बघून आलो. "एकही न्हाई."

तेव्हा ती दगडावर खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अच्युतच्या निम्म्याहून जास्त अळ्या गेल्या. राहिलेल्यांनी कोष केले. तुती उपटायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. पुढच्या खेपेच्या आधी केशरनं स्वतः शेड फवारलं, डोळे सुजेपर्यंत. दारात आमच्यासारखंच पोतं अंथरलं. मी मात्र डबी वळचणीतून काढली आणि पुन्हा सुरू केली, हेही सांगायला पाहिजे. पण आत जाण्याआधी हात पुढं करायचा, ते शेवटपर्यंत चाललं.

द्वारका गेल्या आखाडात गेली. सकाळी पाला घालताना खाली बसली, म्हणाली, डोकं फुटतंय. डोक्यातली नस फुटली होती. दवाखान्यात दोन दिवस होती. काचेच्या खोलीत ठेवली होती. मला आत सोडलं तेव्हा मी चप्पल बाहेर काढली, दारातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली आणि उभा राहिलो. नर्स म्हणाली, "बाबा, तुम्हाला काहीच सांगावं लागलं नाही." मी आत गेलो आणि तिच्यासमोर हात धरला. सवयीनं. तिचे डोळे मिटलेले होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. अंगणात भावकी बसलेली. कुणीतरी म्हणालं, अळ्यांचं काय? दुसरा म्हणाला, आता सुतक आहे, दहा दिवस कसलं काम? मरू देत त्या, माणूस गेलं तिथं. मी ऐकत बसलो. खिशातली डबी काढली, चिमूट तोंडात टाकली. मग शेडचं दार उघडं दिसलं म्हणून उठलो.

दारात पोतं ओलं होतं. त्यावर ताजा चुना. बाहेर केशरची चप्पल, जोड नीट लावलेला. बादलीतलं पाणी बदललेलं. द्वारकाला दवाखान्यात हलवलं त्या घडीपासून केशर आत होती, हे मला तेव्हा कळलं. आतून तो पावसासारखा आवाज येत होता.

"केशर," मी बाहेरून म्हणालो. "सुतक हाय ना गं आपल्याला."

ती रॅकच्या मागून डोकावली. तोंडाला फडकं बांधलेलं, हातात चिमटा. डोळे सुजलेले.

"अळ्यांना सुतक कळत न्हाई, दादा," ती म्हणाली. मी एक पाऊल पुढं टाकलं, तशी तिची नजर माझ्या तोंडाकडं गेली. ती माझी भावजय. माझ्यासमोर अजून पदर घेते. हाताचा वास घेणं तर लांबच. तिनं पदर नीट केला, मान खाली घातली आणि म्हणाली, "दादा, आधी हात. तोंड बी."

मी मागं फिरलो. चूळ भरली, हात धुतले, पुन्हा धुतले. पोत्यावर पाय दिले. डावीकडून सुरू केलं, वरच्या रॅकपासून. घाई केली नाही. शेवटच्या रॅकपर्यंत गेलो आणि परत येताना पुन्हा पाहिलं.

मग दाराकडं तोंड करून मी मोठ्यानं सांगितलं, "एकही पिवळी न्हाई."

बाहेर दगड होता, त्यावर ऊन होतं.

केशर पाठमोरी पाला घालत होती. तिनं मान वळवली नाही. थोडं थांबून ती म्हणाली, "बरं."